एका प्रणालीचे पॅकेज, दुसऱ्या प्रणालीचे घर : एक चिकित्सा

१

संगणकाच्या एका कार्यप्रणालीसाठी बांधलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या कार्यप्रणालीवर बसविता येते काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. भाषा आणि वाङ्मय यांच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, अशी शंका सहज येईल. परंतु ज्या भाषेचे मुद्रण, टंकन आणि जतन गेल्या तीन-चार दशकांत जवळजवळ सर्वस्वी संगणकावर आले, त्या भाषेच्या अभ्यासकास हा प्रश्न टाळता येत नाही. प्रबंध, नियतकालिके, ग्रामपंचायतींचे ठराव, पतसंस्थांचे अहवाल, लोकगीतांची संकलने असे जे काही या काळात मराठीत टंकित झाले, त्याचा मोठा भाग विंडोज या एकाच कार्यप्रणालीसाठी तयार झालेल्या पॅकेजांच्या आश्रयाने झाला. तो आश्रय सुटल्यावर मजकुराचे काय होते, हा या प्रश्नाचा खरा गाभा होय.

प्रश्न आजच निकडीचा होण्यास कारणही आहे. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. विंडोज १० च्या सर्वसाधारण आधाराची अखेरची तारीख १४ ऑक्टोबर २०२५ ही ठरली. विंडोज ११ जुन्या यंत्रांपैकी अनेकांना आपल्या अटींत बसवून घेत नाही. यंत्र धडधाकट आहे पण त्याची प्रणाली निराधार झाली, अशा स्थितीत मोफत मिळणाऱ्या लिनक्सकडे वळावे असा सल्ला दिला जातो, आणि त्या सल्ल्यास लगेच एक आश्वासन जोडले जाते : जुनी पॅकेजे नव्या प्रणालीवरही बसविता येतील. या आश्वासनात सत्य किती आणि शब्दांचा सैलपणा किती, हे तपासणे येथे अभिप्रेत आहे.

सैलपणा मुख्यतः 'बसविणे' या क्रियापदात आहे. त्या एका क्रियापदाखाली तीन भिन्न गोष्टी नांदतात. पहिली, पॅकेजातील फाइली नव्या प्रणालीवर ठरल्या जागी ठेवणे. दुसरी, त्या फाइलींतील कार्यक्रम प्रत्यक्ष सुरू होणे. तिसरी, ज्या कामासाठी तो कार्यक्रम निर्माण झाला ते काम त्याने नव्या घरी पार पाडणे. पहिली साधली म्हणजे दुसरी साधतेच असे नाही. दुसरी साधली म्हणजे तिसरी साधतेच असेही नाही. या विषयावरील बहुतेक लेखन पहिल्या दोहोंच्या यशावर तिसऱ्याचे श्रेय घेते.

२

पॅकेज म्हणजे केवळ फाइलींचे गाठोडे नव्हे. त्यात कार्यक्रमाच्या फाइली असतात. तो कोणत्या अन्य घटकांवर विसंबून आहे याची यादी असते. आणि बसविताना व काढताना प्रणालीने कोणत्या क्रिया कराव्यात याच्या सूचनाही असतात. पहिला भाग वस्तूंचा, दुसरा नात्यांचा आणि तिसरा विधींचा, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही. वस्तू गाडीत घालून नेता येतात. नाती आणि विधी तसे नेता येत नाहीत.

लिनक्सच्या जगात याचे स्वच्छ उदाहरण सापडते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनची पॅकेजे 'डेब' स्वरूपाची, तर रेड हॅटच्या परंपरेतील पॅकेजे 'आरपीएम' स्वरूपाची. एका स्वरूपाचे पॅकेज दुसऱ्यात बदलून देणारा 'एलियन' नावाचा कार्यक्रम बराच काळ उपलब्ध आहे. तो फाइली काढून नव्या वेष्टणात घालतो आणि हे काम चोख करतो. परंतु एका घराण्याच्या परावलंबनाच्या याद्या दुसऱ्या घराण्याच्या नावांत तो उतरवीत नाही. आणि बसविण्याच्या वेळच्या सूचना स्पष्टपणे मागितल्याखेरीज नव्या पॅकेजात घालीत नाही. प्रणालीच्या मूलभूत घटकांची पॅकेजे या मार्गाने बदलू नयेत, असा इशारा त्याच्या कर्त्यांनीच देऊन ठेवला आहे. यात साधनाचा दोष नाही. दोष आहे तो वेष्टण बदलणे म्हणजे वस्तू रुजविणे असे मानणाऱ्याचा.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की येथे दोन्ही बाजूंस मूळ प्रणाली एकच, म्हणजे लिनक्स आहे. भाऊबंदांतच जर एवढे अंतर पडते, तर विंडोज आणि लिनक्स यांच्यासारख्या भिन्न कुळांत ते किती पडेल याची कल्पना करता येते. तेथे कार्यक्रमाच्या फाइलीचा साचाच निराळा असतो. आणि फाइल उघडणे, खिडकी काढणे, कळफलकाची कळ ओळखणे यांसाठी कार्यक्रम प्रणालीस ज्या हाका मारतो, त्या हाकांची भाषाही निराळी असते.

३

या अंतरास रेल्वेच्या गेजची उपमा देण्याचा मोह स्वाभाविक आहे, आणि वऱ्हाडात ती उपमा पुस्तकी राहत नाही. तेल्हारा तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले हिवरखेड हे अकोला–खंडवा या मीटरगेज मार्गावरील स्थानक. या मार्गाच्या रुळांतील अंतर एक मीटर. अकोल्यावरून जाणाऱ्या मुंबई–नागपूर मार्गाचे १,६७६ मिलिमीटर. अकोल्यास हे दोन्ही मार्ग एकत्र येत, परंतु एकीचा डबा दुसरीवर जाऊ शकत नसे. हिवरखेडच्या प्रवाशाने मुंबईसाठी गाडी बदलावयाची; मालाची पोती एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावयाची.

अशा ठिकाणी उपाय तीन संभवतात. माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरणे. डब्याखालची चाके बदलणे. अथवा रूळच बदलणे. या मार्गावर अखेरीस तिसरा उपाय स्वीकारला गेला. पूर्णा–अकोला भाग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. अकोला–अकोट भागावरील मीटरगेज गाड्या २०१७ च्या आरंभी थांबल्या आणि ब्रॉडगेजवरील प्रवासी गाडी २०२२ मध्ये सुरू झाली. अकोटच्या पुढे मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून न्यावा की बाहेरून वळवावा, या वादात दीर्घकाळ गेला. आणि हिवरखेड नेमके अकोटच्या पुढे आहे. रूळ बदलण्याचा उपाय सर्वांत पक्का खरा, पण त्याची किंमत आणि त्याचा काळ हे दोन्ही मोठे असतात, आणि दरम्यान जुनी गाडीही बंद होते, हा बोध या इतिहासातून मिळतो.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत या तीन उपायांस समांतर असे तीन मार्ग आहेत : कार्यक्रम सोडून त्यातील मजकूर तेवढा नव्या प्रणालीवर नेणे, जुना कार्यक्रम आणि नवी प्रणाली यांच्यामध्ये जुळवणीचा एक स्तर घालणे, किंवा कार्यक्रमच नव्या प्रणालीसाठी पुन्हा लिहिणे. तथापि उपमा येथेच थांबविली पाहिजे. दोन गेजांतील भेद दोन आकड्यांत सांगता येतो. दोन कार्यप्रणालींतील भेद कोणत्याही सारणीत मावत नाही. त्यातील पुष्कळसा कोठे लिहूनही ठेवलेला नसतो. चाके बदलणाऱ्यास आधी मोजमाप हाती असते. जुळवणीचा स्तर लिहिणाऱ्यास ते चालता चालता शोधावे लागते.

४

जुळवणीच्या स्तराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 'वाइन' होय. हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला. बॉब ॲमस्टॅट हे त्याचे आरंभीचे सूत्रधार. पुढील वर्षापासून धुरा अलेक्झांडर ज्युलियार यांच्याकडे आली. आरंभी उद्दिष्ट होते ते विंडोज ३.१ चे कार्यक्रम लिनक्सवर चालविण्याचे. १.० या अंकाची आवृत्ती निघाली ती जून २००८ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी.

वाइनची रीत समजून घेतल्याशिवाय त्याची परीक्षा न्याय्य होणार नाही. वाइन संगणकात दुसरा काल्पनिक संगणक उभा करीत नाही, आणि विंडोजची प्रतही वापरीत नाही. विंडोजचा कार्यक्रम ज्या ज्या हाका मारतो, त्यांना उत्तर देणारी यंत्रणा त्याच्या कर्त्यांनी नव्याने लिहून काढली आहे. कार्यक्रमास वाटते की घर जुनेच आहे. उत्तरे मात्र नवा यजमान देत असतो. यात अडचण अशी की पुष्कळ कार्यक्रम विंडोजच्या जाहीर नियमांवरच नव्हे, तर तिच्या सवयींवर, किंबहुना तिच्या चुकांवरही विसंबलेले असतात. म्हणून नव्या यजमानास जुन्या यजमानाचे गुण उचलावे लागतात, तसे दोषही उचलावे लागतात. मूळ ग्रंथातील व्याकरणदोषही हेतुपूर्वक राखणाऱ्या संपादकाची शिस्त येथे लागते, आणि ती पाळणाऱ्यांचा व्यासंग निःसंशय आदरणीय आहे.

या व्यासंगाचे फळही दिसते. विंडोजच्या ६४ बिटांच्या आवृत्त्यांनी १६ बिटांच्या जुन्या कार्यक्रमांस थारा देणे बंद केले. त्यांतील काही कार्यक्रम वाइनच्या आधारे लिनक्सवर मात्र आजही चालतात. स्वतःच्या घरातून हद्दपार झालेल्यास परक्या घरी आसरा मिळावा, हा प्रकार विलक्षण खरा. व्हॉल्व्ह या कंपनीने २०१८ मध्ये वाइनवरच उभारलेल्या 'प्रोटॉन'मुळे विंडोजसाठी लिहिलेले असंख्य खेळ लिनक्सवर खेळता येऊ लागले. तेव्हा हा मार्गच निष्फळ आहे, असे म्हणणे अज्ञानाचे होईल.

परंतु दुसऱ्या बाजूचाही एक साक्षीदार आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये उलट दिशेने प्रयत्न केला : लिनक्सचे कार्यक्रम विंडोजवर चालावेत म्हणून लिनक्सच्या हाकांचे विंडोजच्या हाकांत रूपांतर करणारा स्तर तिने पुरविला. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत तिने हा मार्ग बदलला आणि आभासी यंत्रात खराखुरा लिनक्स गाभाच चालविला. लिनक्सचा गाभा सर्वांस वाचावयास खुला आहे. मायक्रोसॉफ्टपाशी साधनांचा तुटवडाही नाही. तरीही हाकांमागून हाकांचे रूपांतर करीत बसण्यापेक्षा मूळ गाभाच आणून ठेवणे तिला श्रेयस्कर वाटले. भाषांतर कितीही निष्ठेचे असले तरी मूळ संहितेच्या पूर्ण वर्तनास ते गाठीत नाही, याची ही कबुलीच मानावी लागेल.

५

आता खऱ्या कसोटीकडे वळावयाचे. वाइनच्या चाहत्यांनी कार्यक्रमांची एक मोठी सूची राखली असून तीत प्रत्येक कार्यक्रमास प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशा श्रेणी दिल्या जातात. अगदी न चालणाऱ्यास कचऱ्याची श्रेणी मिळते. ही सूची उपयुक्त आहे, परंतु तिच्या श्रेणीचा अर्थ नीट समजला पाहिजे. कार्यक्रम बसला काय, उघडला काय, परीक्षकाने करून पाहिलेली कामे झाली काय, एवढेच ती सांगते. परीक्षक रोमन लिपीत लिहिणारा असेल, तर मराठी टंकन करणाऱ्याच्या प्रश्नांस त्या श्रेणीत उत्तर सापडण्याचे कारण नाही.

मराठी टंकनाच्या जुन्या पॅकेजांची रचना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. ती स्वतंत्र कार्यक्रमांसारखी एकाकी नसत. कळफलक आणि अन्य कार्यक्रम यांच्यामध्ये ती उभी राहत. टंकलेखकाने जुन्या टाइपरायटरच्या सवयीने दाबलेली कळ मध्येच अडवून तिच्या जागी देवनागरीचा आकार पाठवीत. पत्र लिहिण्याचा कार्यक्रम असो की पाने जुळविण्याचा, ही सेवा सर्वांस मिळे. असे पॅकेज वाइनमध्ये बसविले आणि ते सुरूही झाले, तरी त्याची ही मध्यस्थी वाइनच्या कुंपणातील विंडोज-कार्यक्रमांपुरतीच राहते. कुंपणाबाहेरील लिनक्सच्या मूळ कार्यक्रमांस तिचा लाभ होत नाही. शिवाय अशा अनेक पॅकेजांबरोबर यंत्रास जोडावयाचे एक डोंगल येई. ते ओळखणारा भाग प्रणालीच्या गाभ्यात काम करणारा, आणि नेमक्या त्या भागास वाइनमध्ये सहसा जागा नसते. दरवाजा उघडला, पण किल्ली जुन्या घरीच राहिली, अशी ही अवस्था.

याहून खोल अडचण मजकुराची आहे. सी-डॅकच्या परिश्रमांतून आणि भारतीय मानक संस्थेच्या मान्यतेने १९९१ मध्ये 'इस्की' ही भारतीय लिप्यांची संकेतावली प्रमाण झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्या देवनागरी विभागाची मांडणी इस्कीच्या आधीच्या रूपावरून घेण्यात आली. म्हणजे अक्षरास अक्षर म्हणून संकेत देण्याची वाट तेव्हापासून उघडी होती. परंतु विंडोजमध्ये देवनागरीचे युनिकोड टंकन विंडोज २००० पासून शक्य झाले, आणि त्या मधल्या काळात मुद्रणव्यवसायाने निराळी वाट धरली होती. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले फॉन्ट रूढ झाले; प्रत्येक कंपनीची तुकड्यांची मांडणी निराळी. अशा फाइलीत वस्तुतः मराठी नसतेच. असते ती रोमन चिन्हांची एक माळ, जी विशिष्ट फॉन्टच्या चष्म्यातून पाहिली असता मराठी दिसते. चष्मा काढला की अर्थहीन चिन्हे उरतात.

हा भेद केवळ दृश्य नव्हे. 'निर्मिती' हा शब्द घ्यावा. जुन्या फॉन्टमध्ये तो दिसतो त्या क्रमाने साठविला जातो : आधी ऱ्हस्व वेलांटी, मग न, पुन्हा वेलांटी, मग म आणि त्यानंतर रफार. युनिकोडमध्ये तो उच्चारला जातो त्या क्रमाने साठविला जातो : न, मग त्याची वेलांटी, मग पायमोडका र, मग म आणि त्याची वेलांटी. एका क्रमातून दुसऱ्यात जाताना वेलांटी कोणत्या जोडाक्षरापर्यंत मागे न्यावयाची आणि रफार कोणत्या अक्षराच्या पुढे आणावयाचा, हे रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमास दर वेळी ठरवावे लागते. जोडाक्षर लांबले की चूक संभवते.

त्यातही मराठीचे म्हणून जे विशेष आहेत, त्यांवर संकट अधिक. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन शब्द घ्यावेत. हिवरखेडच्या उत्तरेस सातपुड्याच्या दऱ्या आहेत. दर्या तेथून शेकडो मैल दूर आहे. युनिकोडमध्ये पहिल्या शब्दातील र साठी नुक्तायुक्त ऱ वापरला जातो, दुसऱ्यासाठी साधा र. हिंदीस हा भेद लागत नाही. म्हणून हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेले रूपांतर दऱ्यांचा दर्या करून टाकण्याचा धोका असतो, आणि शब्द शुद्धलेखनाच्या कसोटीस उतरत असल्याने चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही. 'ॲ' या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ च्या ५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वीच्या मजकुरात ते नाना युक्त्यांनी लिहिलेले आढळते. ल आणि श यांची मराठी वळणे महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण ठरली. परंतु तो आकाराचा, म्हणजे फॉन्टचा प्रश्न आहे, संकेताचा नव्हे. हे दोन प्रश्न वेगळे ठेवता येणे हाच युनिकोडचा मोठा लाभ.

६

या विवेचनावरून वाइनसारख्या साधनांचे मूल्यमापन निश्चित करता येते. जुना कार्यक्रम परक्या प्रणालीवर चालविणे हे साध्य मानले, तर पुष्कळ वेळा निराशा पदरी येते; यश आले तरी मजकूर पूर्वीइतकाच बंदिस्त राहतो. केवळ तुरुंगाची इमारत एका गावातून दुसऱ्या गावी हलविली जाते. परंतु तेच साधन मजकूर बाहेर काढण्यापुरते, तात्पुरते म्हणून वापरले, तर त्याचे मोल फार मोठे आहे. ज्या जुन्या कार्यक्रमाखेरीज फाइल उघडतच नाही, तो एकदा उघडावा, मजकूर मोकळा करावा, छापील प्रतीशी ताडून पाहावा आणि मग त्या कार्यक्रमास निरोप द्यावा. गेजच्या भाषेत बोलावयाचे तर हा पहिला उपाय, माल उतरवून घेण्याचा. तो कष्टाचा आहे आणि दिमाखाचा नाही. परंतु एकदा उतरविलेला माल पुढे कोणत्याही गाडीत चढविता येतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की टंकलेखकाच्या हातास जी सवय झाली तिचे काय? आक्षेप रास्त आहे. तेल्हारा, अकोट, हिवरखेड यांसारख्या गावांत लग्नपत्रिका, अर्ज आणि अहवाल टंकून देणाऱ्यांची उपजीविका त्या सवयीवर उभी असते. तिला क्षुल्लक समजणारा सुधारक यशस्वी होत नाही. परंतु सवय कळफलकाच्या मांडणीची असते, पॅकेजाची नसते. टाइपरायटरच्या धाटणीची मांडणी युनिकोडसाठीही मिळू शकते, आणि लिनक्सवर देवनागरी जुळविण्याची यंत्रणा आज परिपक्व आहे. रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले लोहित फॉन्ट हे त्या वाटेवरील एक आरंभीचे पाऊल होते. तेव्हा हाताची सवय राखून मजकुराची मुक्तता साधता येते. या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत हा समज जुन्या पॅकेजांनी रुजविला. त्यास आधार नाही.

दुसरा आक्षेप असा की आभासी यंत्रात संपूर्ण विंडोजच ठेवली म्हणजे हा सारा खटाटोप वाचेल. काही काळ वाचेल हे खरे. परंतु त्या विंडोजचा परवाना, तिची सुरक्षितता आणि तिच्यासाठी लागणारी यंत्रशक्ती यांचा भार कायम राहतो. आणि ज्या जुन्या यंत्रास वाचविण्यासाठी हा प्रश्न निघाला, तेच यंत्र दोन प्रणालींच्या ओझ्याखाली वाकते.

विद्यापीठीय विभागांपुरते पाहिले, तर यातून निघणारे कर्तव्य स्पष्ट आहे. जुन्या फॉन्टमधील प्रबंध आणि संकलने यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून ते छापील प्रतीशी शब्दशः ताडणे हे संहिता-चिकित्सेचेच काम आहे. त्यास लागणारी दृष्टी, म्हणजे लेखकाची चूक कोणती, प्रतकाराची कोणती आणि रूपांतराची कोणती हे ओळखण्याची दृष्टी, तंत्रज्ञापाशी असेलच असे नाही. ती भाषेच्या अभ्यासकापाशी असावी अशी अपेक्षा आहे. पोथ्यांच्या पाठभेदांवर ज्या विभागांनी श्रम घेतले, त्यांनी आपल्याच काळातील टंकित मजकुराच्या पाठभेदांकडे पाठ फिरविणे हे विसंगत ठरेल.

एका प्रणालीचे पॅकेज दुसरीवर बसते काय, या मूळ प्रश्नाचे उत्तर, पुष्कळ वेळा बसते, क्वचित उत्तम बसते, असेच द्यावे लागेल. परंतु मराठीच्या दृष्टीने हा प्रश्नच दुय्यम आहे. कार्यक्रम ही गाडी आहे आणि गाड्या बदलतच राहणार. मजकूर मात्र असा असला पाहिजे की ज्यास गाडीचे नाव विचारावे लागू नये. ही मुक्तता साधेपर्यंत प्रत्येक नवी प्रणाली मराठी लेखनास पुन्हा एकदा फलाटावर उतरवील. आणि दर उताऱ्याला काही पोती फाटतील, काही दऱ्यांचा दर्या होईल.